तोंड नसलेलं गाणं

आमच्या जळगावच्या कॉलेजातल्या कलामंडळाचा सेक्रेटरी सुटीत मुंबईला मामाकडे राहायला गेला आणि दिग्दर्शक होऊन परतला. तिकडे त्याने एक शूटिंग पाहिलं होतं. दोरीच्या बाहेर उभं राहून पाहिलं होतं, हे त्याने नंतर कधीतरी रागाच्या भरात सांगितलं. पण आल्याबरोबर त्याने टोपी घातली, काळा चष्मा लावला आणि दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून कँटीनमधल्या वड्यांकडे एक डोळा मिटून बघायला सुरुवात केली. नव्वदीच्या दशकाची सुरुवात होती. शहरात केबल नुकतीच आलेली, केबलवाल्याच्या चॅनलवर दुपारी काहीही दाखवत. ते 'काहीही' आपलं असावं, असं त्याच्या मनात आलं.

त्याचं म्हणणं, आपण एका गाण्याचा व्हिडिओ करू. गाणं आपल्या अहिराणीत, चेहरे आपले, केळीच्या बागा आपल्या. यातलं त्याचं स्वतःचं काहीच नव्हतं. गाणं आमच्या वर्गातल्या एका मुलीचं होतं.

ही मुलगी पाचोऱ्याहून रोज गाडीने अप-डाऊन करायची. घरी कापसाची शेती, आई नाही, आबा आणि मोठा भाऊ. ती वर्गात फारसं बोलत नसे, पण गायला लागली की पोर्चमध्ये टवाळक्या करणारी पोरंसुद्धा गप्प व्हायची, आणि आमच्या कॉलेजात याहून मोठा पुरस्कार नव्हता. गाणं तिने स्वतः जुळवलं होतं. माहेराची वाट केळीच्या बागेत हरवली, असं काहीसं. तिला रेडिओवर गायचं होतं. त्यासाठी ऑडिशन द्यावी लागे, ती डिसेंबरात होती, आणि या ऑडिशनसाठी तिने आबांकडून एक कबुली घेतलेली होती: ऑडिशन होईपर्यंत आबांनी तिच्यासाठी मुलगा बघायचा नाही. पास झाली तर पुढचं पुढे. नापास झाली तर आबा म्हणतील त्याच्या गळ्यात माळ. अशी कबुली देणारा बाप आमच्या भागात तेव्हा पुढारलेला समजला जाई, आणि आबांचाही स्वतःबद्दल तोच समज होता.

ती व्हिडिओला तयार होईना. मग दिग्दर्शक म्हणाला, "मॅडम, आपली कॅसेट निघालेली असली की ऑडिशनला वजन पडतं."

रेडिओच्या ऑडिशनला उमेदवाराला एका खोलीत बसवतात आणि परीक्षक दुसऱ्या खोलीत बसून ऐकतात, तोंडसुद्धा बघत नाहीत. हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. दिग्दर्शकाला माहीत असतं तरी तो तेच बोलला असता.

कॅमेऱ्यासाठी धुळ्याचा एक शूटिंगवाला ठरला. तो लग्नं शूट करायचा. त्याच्याकडे मिक्सर होता, म्हणजे स्वयंपाकघरातला नव्हे, चित्रावर फुलं, चांदण्या आणि बदाम पाडणारा. एवढं यंत्र जळगावात कुणाकडे नाही, असं तो धुळ्यात सांगायचा. तो मोकळा असायचा फक्त पितृपक्षात, कारण त्या दिवसांत लग्नं नसतात. त्यामुळे आमचा मुहूर्त पितृपक्षात निघाला. मुहूर्ताला एका सोसायटीचे चेअरमन प्रमुख पाहुणे म्हणून आले. त्यांनी नारळाकडे पाहिलं, पंचांग आठवलं आणि हात मागे घेतला.

"नारळ मी नही फोडाव या दिवसमा. भाषण करस."

भाषणाला पितर आड येत नाहीत. त्यांनी कलेपासून सुरुवात करून ठिबक सिंचनापर्यंत मजल मारली. दिग्दर्शकाच्या सांगण्यावरून शूटिंगवाल्याने ते सगळं शूट केलं. कॅमेऱ्याची एक बॅटरी त्यातच संपली. आमच्या साऱ्या उद्योगात नीट फोकसमध्ये आलेला एकच चेहरा आहे, तो चेअरमनचा.

मला 'प्लेबॅक इनचार्ज' असं पद मिळालं. काम असं, की आधी रेकॉर्ड केलेलं गाणं टेपरेकॉर्डरवर लावायचं, त्याबरोबर ती ओठ हलवणार, आणि नंतर मूळ गाणं चित्रावर चढवायचं. थोडक्यात, बटण दाबणं. दिग्दर्शकाने प्रत्येकाला असं पद दिलं होतं. पाण्याचा जार आणणारा 'प्रॉडक्शन कंट्रोलर' होता. काम करणारे कमी आणि पदं जास्त, हे आम्ही आसपासच्या संस्था बघून शिकलो होतो.

शूटिंग एका वर्गमित्राच्या वडलांच्या केळीच्या बागेत होतं. पहिल्याच दिवशी तिचा भाऊ पाचोऱ्याहून सोबत आला. बियाण्यांच्या दुकानात कामाला होता, सुटी काढून आला होता. इस्त्रीचा सफारी, पायात बूट, तोंडावर बंदोबस्ताला आलेल्या माणसाचा भाव. कॅमेरा सुरू झाला की तो तिच्या मागे हातभर अंतरावर येऊन उभा राहायचा.

"कट! भाऊ, तुम्ही जरा बाजूला व्हा."

"मी कसाले बाजूला होऊ?"

"फ्रेममध्ये येताय तुम्ही."

"मंग येवालेच पाहिजे. आबांनी सांगितलंय, सोबत राह्य."

"सोबत राहा हो, नाही कोण म्हणतंय. कॅमेऱ्याच्या मागे राहा."

भाऊ हसला. आम्ही शिकलेले असूनही एवढं कळत नाही, असं ते हसणं होतं. "कॅमेऱ्याच्या मागं राह्यलो, तर टीव्हीवर बघणाऱ्याला काय दिसंल? पोर एकटी बागेत गाती. मी सोबत होतो हे मी घरोघर जाऊन सांगू का?"

या बिनतोड युक्तिवादापुढे दिग्दर्शकाच्या टोपीचं काही चालेना. आबांना ही राखण कॅमेऱ्याबाहेर चालणार नव्हती, कारण लोक बघणार होते ते कॅमेऱ्यातलं. म्हणून पुढे सगळ्या गाण्यात, माहेराच्या वाटेवर, विहिरीपाशी, केळीच्या घडांमध्ये, तिच्या मागे सफारीतला एक माणूस आहे. तो कुठेच काही करत नाही. एका ठिकाणी घड्याळ बघतो.

मुलीने एकदाच त्याला हळू आवाजात म्हटलं, "दादा, थोडं तरी लांब राह्य ना. गाणं म्हणता येत नाही."

"गाणं टेपमध्ये शे," तो म्हणाला. "तुले फक्त तोंड हलावानं शे."

दुपारी टेपरेकॉर्डरचे सेल उतरू लागले. सेल उतरले की टेप हळू फिरते आणि आवाज जाड होतो. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. उन्हात आम्ही सगळेच मंद झालो होतो, गाणंही झालं. तिच्या मात्र लगेच लक्षात आलं. ती थांबली. "गाणं खाली गेलंय," ती मला म्हणाली. "माझा आवाज असा नाही." मी दिग्दर्शकाकडे पाहिलं. दिग्दर्शकाने आकाशाकडे पाहिलं. ऊन जात होतं, बॅटरी एकच उरली होती, आणि नवे सेल आणायला 'प्रॉडक्शन कंट्रोलर' सायकलवर शहरात गेला असता तर संध्याकाळ झाली असती.

"मॅडम, चालू द्या. एडिटिंगला सगळं करता येतं."

हे वाक्य मी पुढे आयुष्यात अनेक क्षेत्रांतल्या लोकांकडून ऐकलं. तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, म्हणून विश्वास ठेवला. तीही उभी राहिली आणि बैलाच्या आवाजात वाजणाऱ्या स्वतःच्या गाण्यावर, हळूहळू, नीट ओठ हलवत राहिली. कलामंडळातल्या मुली मागून ते बघत होत्या. त्यांतल्या एकीने तिच्या मंद ओठांची नक्कल केली आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या. गाण्यात तिला घेतलं होतं आणि त्यांना मागे नाचायला ठेवलं होतं, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं. नाचताना त्या केळीची पानं मुद्दाम मोडून फेकत होत्या. त्या साऱ्या शहरातल्या. केळीचा चीक पाण्यासारखा दिसतो आणि रात्रीतून काळा होतो, हे त्यांना दुसऱ्या दिवशी समजलं, जेव्हा मागून आणलेल्या त्यांच्या पांढऱ्या ओढण्यांवर पान खाऊन थुंकल्यासारखे डाग उठले. बागेच्या मालकाचा मुलगा बांधावर बसून सगळं पाहत होता. त्याला डागांचं जन्मापासून माहीत. "सांगितलं का नाहीस?" म्हणून विचारलं, तर म्हणाला, "मजा पाहत होतो." सेल दुसऱ्या दिवशीही कुणी बदलले नाहीत, ओढण्याही नाहीत. आमचं गाणं पांढऱ्या ओढण्यांनी सुरू होतं आणि डागांनी संपतं.

एडिटिंग धुळ्याला शूटिंगवाल्याच्या दुकानात झालं. मी धुळ्याचाच, म्हणून दिग्दर्शकाबरोबर गेलो. मूळ गाणं चित्रावर चढवलं, तर गाणं पुढे धावतंय आणि तिचे ओठ मागून लंगडत येतायत. गाणं संपलं तरी ती गात होती. दिग्दर्शकाने चष्मा काढला. त्याचे डोळे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले, काही विशेष नव्हते.

शूटिंगवाला मात्र शांत होता. "नवरीचं तोंड वाईट येतंच कधी कधी," तो म्हणाला. "रडून रडून सुजलेलं असतं. तेव्हा काय करायचं? बाकीचं दाखवायचं."

त्याने बाकीचं दाखवलं. लग्नातल्या सवयीने त्याने ते सगळं आधीच टिपून ठेवलं होतं. तिचे पाय. पैंजण. पायांपासून हळूहळू वर. बांगड्यांचे हात. वेणी. खाली झुकलेली नजर, जी तिने टेपरेकॉर्डरकडे बघताना खाली नेली होती. जिथे जिथे ओठ जुळत नव्हते तिथे तिथे हे टाकत गेला, आणि ओठ कुठेच जुळत नव्हते. उरला भाऊ. त्याच्यासाठी मिक्सर होता. शूटिंगवाल्याने तिच्याभोवती एक बदाम पाडला, लाल कडेचा. बदामाच्या आत ती, बाहेर काळोख. सफारीतला माणूस काळोखात गेला.

"पाहा," तो अभिमानाने म्हणाला, "भाऊ गेला."

व्हिडिओ आम्ही वर्गात टीव्ही लावून पाहिला. मुली डाग मोजत होत्या. तिने शेवटपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "माझं तोंड कुठंय?"

"मॅडम," दिग्दर्शक म्हणाला, "भाव डोळ्यांत असतात."

"पण गाते कोण ते कसं कळणार?"

"आवाजावरून."

केबलवर तो व्हिडिओ एका दुपारी लागला, तेव्हा कॉलेजच्या भागात वीज नव्हती.

दिवाळीत मी धुळ्याला घरी गेलो. आमचे मोठे काका, ज्यांना सगळे नाना म्हणतात, त्यांच्या मुलीचं लग्न डिसेंबरात ठरलं होतं. शूटिंग ठरवायला नाना त्याच शूटिंगवाल्याकडे गेले. गिऱ्हाइकाला काम दाखवायला तो एक नमुन्याची कॅसेट लावून ठेवायचा. आता त्याने आमचं गाणं लावून ठेवलं होतं. त्याच्या मते त्याने आजवर केलेली ती सगळ्यात चांगली नवरी होती.

नानांनी पाहिलं आणि कॅसेट घरी आणली. शूटिंगचं त्यांनी विचारलंच नाही. त्यांचा मुलगा, माझा चुलत भाऊ, पाणबुडी पंपांचं दुकान सांभाळायचा. सज्जन, गोल, निवांत माणूस, लग्नाचा. घरात कॅसेट लावली. सगळे जमले: नाना, काकू, आत्या, दोन शेजारणी. गाणं सुरू झालं आणि लगेच चर्चाही सुरू झाली.

"रंग उजळ शे का रे?"

"लाइटमुळं दिसतोय."

"पाय दख, पाय. चप्पल घालणारे पाय शेत."

चर्चा आणि गाणं एकमेकांत मिसळू लागलं. काकू म्हणाल्या, "अरे, ते बठ्ठं बोंबलणं बंद कर. पोर दखू दे नीट."

चुलत भावाने आवाज बंद केला. खोली शांत झाली आणि सगळ्यांनी तिला पाहिलं. पाय, पैंजण, बांगड्या, वेणी, झुकलेली नजर, बदाम. कॅसेट मागे नेऊन परत पाहिली. मी सांगितलं, ही माझ्या वर्गातली आहे, हे गाणं तिने केलंय, ती गाते, डिसेंबरात तिची रेडिओची ऑडिशन आहे आणि तोवर तिला लग्न करायचं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. पत्ता मिळाला होता.

"गाती का?" आत्या म्हणाली. "बरं शे. पोरं निजाडाले कामले यी."

यावर फार हसू झालं. मी पुन्हा बोलायला गेलो, तर काकूंनी मला करंजी दिली.

दिवाळी संपल्यावर आम्ही पाचोऱ्याला गेलो. ओळखीचा म्हणून मला पुढे बसवलं होतं. आबा दारात उभे होते आणि त्यांची अवस्था अवघड होती. त्यांनी शब्द दिला होता. पण निरोप गेल्यापासून गावात बातमी पोचली होती, की पोरीची कॅसेट धुळ्याच्या दुकानात लोक बघतायत. नकार दिला असता, तर बघणारे बघतच राहिले असते. आत जाताना ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मी स्थळ पाह्यलं नाही. स्थळानं पाह्यलं. मग शब्द मोडला असं होतं का?" मग त्यांनी मला पुढे घालून आत नेलं.

नानांनी मुलीच्या भावाला विचारलं, "शूटिंगला पोरगी एकटीच होती का?"

भाऊ ताडकन उठला. "मी होतो! पूर्ण वेळ होतो!"

"दिसला नहीस तू."

"काढलं मला! होतो मी. सफारीत होतो."

काकूंनी आत्याकडे पाहिलं. भावाने माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हणालो, होते, प्रत्येक शॉटमध्ये होते. "बरं, असू दे," नाना मोठ्या मनाने म्हणाले, जसं काही एक दोष त्यांनी पदरात घेतला. त्या क्षणापासून मुलीकडची बाजू खाली गेली ती वर आलीच नाही.

ती पोहे घेऊन आली, बसली. नाव, शिक्षण, स्वयंपाक झाला. मग नाना म्हणाले, "तिलेही काही विचाराचं असेल तर विचारू द्या. जमाना बदलला." हे वाक्य त्या काळात प्रत्येक बैठकीत एकदा म्हणत आणि मुलीने मान हलवून 'नाही' म्हणायचं असे. तिने मान वर केली.

"तुम्ही माझं गाणं ऐकलं का?"

प्रश्न थेट माझ्या चुलत भावाला होता. तो दचकला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता, आणि त्याच्यातला हा गुण मला त्या दिवशी पहिल्यांदा नकोसा वाटला.

"नाही," तो म्हणाला. "आवाज बंद ठेवला होता. पण तुम्ही छान दिसत होत्या."

खोलीत एकदम मोकळं हसू झालं. आबासुद्धा हसले, कारण त्यांना सुटल्यासारखं वाटलं. पोराने मनापासून सांगितलं, म्हणजे पोरगं साधं आहे. ती हसली नाही, आणि काकूंनी ते तिचं चांगलं वळण म्हणून धरलं. "लाजरी शे," त्या आत्याला म्हणाल्या.

आबांनी शेवटी एकच विषय काढला. आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "डिसेंबरात तिची ती ऑडिशन आहे. तेवढी झाली की मग कधीही."

नाना म्हणाले, "आबा, मन्ही पोरनं लगीन डिसेंबरमा शे. मांडव पडेलच शे. एकाच मांडवात दोन्ही उरकू. ऑडिशन काय, दरवर्षी राहती. मांडव काय दरवर्षी पडतो?"

आबांनी मुलीकडे पाहिलं नाही. त्यांनी भावाकडे पाहिलं. भाऊ अजून सफारीच्या अपमानातून बाहेर आला नव्हता. आबा म्हणाले, "ते बी खरं."

लग्न झालं. दिग्दर्शक जळगावहून टोपी घालून आला आणि पंगतीत भेटेल त्याला सांगत होता, की आपल्या व्हिडिओमुळे जमलं. कॉलेजच्या वार्षिक अहवालात त्याने ते कलामंडळाच्या यशांमध्ये लिहवून घेतलं. ती माझी वहिनी झाली. माझ्याशी ती कधी वाईट बोलली नाही. कधी फार बोललीही नाही. चुलत भावाने एकदा हौसेने तिला माझ्यासमोर गायला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "दूध उतू जाईल," आणि आत गेली. त्याला वाईट वाटलं नाही. दूध खरंच गॅसवर होतं.

ऑडिशन पुढच्या वर्षीही झाली. त्याच्या पुढच्या वर्षीही झाली. नानांनी त्या दिवशी सांगितलं होतं, त्यात खोटं काहीच नव्हतं.